टाउन हॉलचे खांब आणि ‘हे तुला कसं माहीत?’ हा प्रश्न



पीएचडीच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न असतो : ‘साहित्य आढावा लिहायचा म्हणजे नेमकं काय करायचं?’ व्याख्या सांगून हे कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. म्हणून आज एका इमारतीची गोष्ट सांगते. मुंबईतला टाउन हॉल, म्हणजे आपण ज्याला ‘एशियाटिक’ म्हणतो ती हॉर्निमन सर्कलसमोरची पांढरी इमारत. तिच्या पायऱ्या तुम्ही सिनेमात नक्कीच पाहिल्या असतील.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. मी एमएस्सी केलं ते भूशास्त्रात. पीएचडीचा विषय आहे मुंबईतल्या जुन्या इमारतींचे दगड आणि त्यांची झीज. त्यामुळे सिनॉप्सिसमध्ये प्रत्येक इमारतीचा ‘ऐतिहासिक परिचय’ म्हणून एकेक परिच्छेद हवा होता. टाउन हॉलचा परिच्छेद मी अर्ध्या तासात लिहून टाकला. १८३३ साली पूर्ण झालेली इमारत, कर्नल थॉमस कूपर यांची रचना, नवअभिजात शैली, खांब इंग्लंडहून आणलेले, ते फार मोठे निघाले म्हणून निम्मेच वापरले आणि उरलेले भायखळ्याच्या चर्चला दिले. झालं!

गाईड मॅडमनी तो परिच्छेद वाचला आणि पेन्सिलीने पाच ठिकाणी खुणा केल्या. प्रत्येक खुणेशेजारी एकच वाक्य : ‘हे तुला कसं माहीत?’

खरं सांगायचं तर मला राग आला. इतिहास हा काही माझा विषय नव्हे, माझं काम दगडाचं. पण मॅडम म्हणाल्या, “अगं, दगड कुठून आला हे तू त्या गोष्टीवरून ठरवणार, आणि गोष्टच तपासलेली नसेल तर पुढचं सगळं रासायनिक विश्लेषण कशावर उभं करणार आहेस?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खांब इंग्लंडहून आले असं गृहीत धरून मी नमुन्यांची तुलना इंग्लंडमधल्या दगडांशी करणार होते. गृहीत चुकलं असतं तर दोन वर्षं पाण्यात.

म्हणून मी तो परिच्छेद पुन्हा लिहायला बसले. तेव्हा जे हाती लागलं ते इथे क्रमाने देते. इमारतीचा इतिहास त्यात आहेच, आणि प्रत्येक विधान कशाच्या आधाराने करायचं हेही आहे.

कल्पना कोणाची, पैसा कोणाचा?

सुरुवात इमारतीपासून नाही, तर एका मंडळापासून होते. सर जेम्स मॅकिंटॉश हे १८०४ मध्ये मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे इथल्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून आले. त्याच वर्षी त्यांनी परळला ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन केली. पुढे १८३० च्या सुमारास हे मंडळ लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला जोडलं गेलं आणि तिची मुंबई शाखा झालं. आजची ‘एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई’ ती हीच. सध्याचं नाव २००२ पासूनचं.

ग्रंथालय, संग्रहालय आणि सभा यांसाठी शहरात एक मोठी वास्तू असावी ही कल्पना या मंडळातच निघाली. पण पैसा? त्यासाठी लॉटरी काढायचं ठरलं. आज आपल्याला गंमत वाटेल, पण त्या काळी सार्वजनिक कामासाठी लॉटरी ही रूढ पद्धत होती. कोलकात्याचा टाउन हॉल १८१३ मध्ये बांधून झाला, त्यालाही लॉटरीचाच पैसा लागला होता.

मुंबईत मात्र लॉटरीच्या पैशात काम भागलं नाही. १८२१ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि पैसा संपत गेला. शेवटी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने उरलेला खर्च उचलला, आणि त्या बदल्यात इमारतीत आपल्या कचेऱ्यांसाठी जागा घेतली.

हे वाक्य मी पहिल्या मसुद्यात गाळलं होतं, कारण मला ते ‘प्रशासकीय तपशील’ वाटलं. पण इमारत समजून घ्यायची तर तेच सर्वांत कामाचं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज प्रवाशांसाठी निघणाऱ्या मरे यांच्या हातपुस्तिकेत टाउन हॉलचं वर्णन आहे. तळमजल्यावर मेडिकल बोर्डाची कचेरी, लष्करी हिशेबतपासनीसांची कचेरी आणि सोसायटीच्या जड वस्तू. वरच्या मजल्यावर शंभर फूट चौरस मोठं सभागृह, सोसायटीची बैठकीची खोली आणि ग्रंथालय. म्हणजे खाली सरकार आणि वर सभा-ग्रंथ. ही मांडणी नुसती सौंदर्यदृष्टीतून आलेली नाही. पैसे कोणी दिले याची खूण नकाशावर उमटली आहे.

संशोधनासाठी पहिला धडा इथे मिळतो. इमारत असो, प्रयोगशाळा असो की एखादा डेटासेट, पैसा कुणाचा आणि अट काय होती हे आधी विचारा. रचनेतल्या बऱ्याच गोष्टींचं उत्तर त्यात सापडतं.

रचनाकार कोण होता?

कर्नल थॉमस कूपर हा मुंबईच्या लष्करी इंजिनिअर दलातला अधिकारी. आजच्या अर्थाने ‘आर्किटेक्ट’ असा वेगळा व्यावसायिक त्या काळात कंपनीकडे क्वचितच असे. किल्ले, रस्ते, चर्च, कचेऱ्या ही सगळी कामं लष्करी इंजिनिअरच करत. कोलकात्याचा टाउन हॉल बांधणारे जॉन गार्स्टिन असेच, आणि मुंबईत टाउन हॉलच्या शेजारी त्याच दशकात उभी राहिलेली टांकसाळ बांधणारे हॉकिन्सही असेच. कूपरला आपली इमारत पुरी झालेली पाहायला मिळाली नाही. बांधकाम संपण्याआधीच त्याचं निधन झालं आणि काम दुसऱ्या अधिकाऱ्यांनी पूर्ण केलं.

आता प्रश्न असा की मुंबई बंदरात नोकरी करणाऱ्या लष्करी इंजिनिअरला ग्रीक मंदिराचे खांब कसे काढायचे हे कोणी शिकवलं?

उत्तर आहे, पुस्तकांनी. जेम्स स्टुअर्ट आणि निकोलस रेव्हेट हे दोन इंग्रज १७५१ मध्ये अथेन्सला गेले. तिथल्या प्राचीन इमारतींची त्यांनी फूटपट्टी लावून मोजमापं घेतली. ‘अँटिक्विटीज ऑफ अथेन्स’ या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६२ मध्ये निघाला. त्याआधी युरोपात ‘अभिजात’ म्हणजे मुख्यतः रोमन, तोही इटालियन पुस्तकांतून गाळून आलेला. स्टुअर्ट-रेव्हेटनंतर अस्सल ग्रीक प्रमाणं छापील स्वरूपात हाती आली. कुठल्याही देशात बसलेला इंजिनिअर ती मोठी करून कागदावर उतरवू शकत होता.

मरे यांच्या हातपुस्तिकेत एक छोटीशी नोंद आहे. मेडिकल बोर्डाच्या खोलीतले चार आयोनिक खांब हे इलिसस नदीकाठच्या मंदिराच्या खांबांवरून बेतलेले आहेत. मी हे वाक्य दोनदा वाचलं आणि त्या मंदिराचा शोध घेतला. इलिसस ही अथेन्सजवळची नदी. तिच्या काठी इ. स. पूर्व पाचव्या शतकातलं एक लहानसं आयोनिक मंदिर होतं. स्टुअर्ट आणि रेव्हेट यांनी ते मोजलं आणि पहिल्याच खंडात छापलं. १७७८ मध्ये ते मंदिर पाडून टाकण्यात आलं.

थोडं गणित करा. मंदिर पडलं १७७८ मध्ये, मुंबईचं काम सुरू झालं १८२१ मध्ये. त्रेचाळीस वर्षांचं अंतर! मुंबईत ते खांब घडवणाऱ्यांपुढे मूळ मंदिर असणं शक्यच नव्हतं. जे काही होतं ते कागदावरचं चित्र. म्हणजे आपण ज्याला ‘ग्रीक’ म्हणतो ती वास्तू एका पुस्तकाची दगडातली नक्कल आहे. आणि मूळ नष्ट झाल्यावरही नक्कल उभी आहे.

आणखी एक योगायोग आहे, त्यातून निष्कर्ष काढायचा नाही, फक्त लक्षात ठेवायचं. मुंबईत टाउन हॉलचं काम सुरू झालं त्याच १८२१ मध्ये ग्रीसचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं.

शैली ओळखायची कशी?

‘नवअभिजात शैली’ असं लिहून आपण मोकळे होतो. पण परीक्षकाने विचारलं की ‘कशावरून?’ तर घोडं तिथेच पेंड खातं. म्हणून काही ढोबळ खुणा देते.

डोरिक खांब सर्वांत साधा. जाडजूड, वर निमुळता होत जाणारा, आणि माथ्यावर कोरीव काम नसलेला : एक गोल उशीसारखा भाग आणि त्यावर चौकोनी फरशी. अस्सल ग्रीक डोरिक खांबाला खाली वेगळी बैठक नसते, तो थेट फरशीवर उभा असतो. अंगावर उभ्या खाचा असतात, साधारणपणे वीस. रोमन डोरिकला मात्र खाली बैठक असते. आयोनिक खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना गुंडाळीसारखी वळणं असतात, खाचा साधारणपणे चोवीस. कोरिंथियनच्या माथ्यावर पानांचा गुच्छ असतो.

टाउन हॉलमध्ये हे तिन्ही प्रकार आहेत आणि त्यांची वाटणी विचारपूर्वक केलेली आहे. रस्त्यावरून तीस पायऱ्या चढून गेलं की आठ डोरिक खांबांचा द्वारमंडप लागतो. बाहेरून इमारत धीरगंभीर, सरकारी दिसावी म्हणून डोरिक. आतल्या मोठ्या दालनात कोरिंथियन, कारण तिथे समारंभ आणि नृत्यं व्हायची, तिथे नटवं रूप शोभतं. खालच्या कचेरीत आयोनिक. पाहुणा बाहेरून आत जाताना साध्याकडून अलंकृताकडे जातो.

पण ही इमारत अथेन्सची किंवा लंडनची हुबेहूब नक्कलही नाही. मुंबईच्या जून महिन्याने इंजिनिअरला काही गोष्टी करायला लावल्या. मुख्य मजला रस्त्यापासून उंच उचललेला आहे. खिडक्यांना पट्ट्यापट्ट्यांच्या लाकडी झडपा आहेत. त्यांतून वारा येतो, ऊन अडतं. खिडक्यांवर पावसाची झड अडवणारे अर्धगोल छज्जे आहेत. ग्रीक मंदिराला यातलं काहीच नसतं, त्याला मुळात खिडक्याच नसतात. म्हणून ‘युरोपीय शैली इथे आणून ठेवली’ असं सरसकट वाक्य लिहू नका. चेहरा पुस्तकातला आहे, पण शरीर हवामानाने घडवलं आहे.

खांबांची गोष्ट : खरी की खोटी?

आता मॅडमची सर्वांत ठसठशीत पेन्सिलीची खूण. गोष्ट अशी सांगितली जाते : मूळ आराखड्यात दर्शनी भागात खांबांच्या जोड्या होत्या. इंग्लंडहून खांब आले तेव्हा ते इतके प्रचंड निघाले की जोड्या लावणं बेढब दिसलं असतं. म्हणून जोडीऐवजी एकेकच खांब उभा केला आणि उरलेले भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला दिले. जुन्या वर्णनांपासून आजच्या हेरिटेज वॉकपर्यंत ही गोष्ट सगळीकडे भेटते.

मी आधी मोजायला लागले की किती ठिकाणी ती लिहिलेली आहे. दहा ठिकाणी सापडली की खरी, असा माझा हिशेब. ही नवख्या संशोधकाची नेहमीची चूक. दहा जणांनी एकाच ठिकाणाहून उतरवून घेतलं असेल तर तो पुरावा एकच असतो, दहा नव्हे. प्रयोगात एकाच नमुन्याचं दहा वेळा वाचन घेणं आणि दहा वेगवेगळे नमुने घेणं यात जो फरक, तोच इथे. आपण सायन्सवाले हा फरक प्रयोगशाळेत कधी विसरत नाही. पण ग्रंथालयात गेल्यावर का कोण जाणे, विसरतो.

मग मी तीच गोष्ट गृहीतक म्हणून मांडली. गृहीतक खरं असेल तर काय काय दिसायला हवं?

एक. टाउन हॉलच्या द्वारमंडपात आज आठ खांब आहेत. जोड्या निम्म्या केल्या असतील तर मुळात सोळा असायला हवेत, म्हणजे दर्शनी भागातून आठ उरायला हवेत. चर्चमधल्या खांबांची संख्या या आकड्याशी जुळते का?

दोन. दोन्ही ठिकाणचे खांब एकाच मागणीतले असतील तर तळाचा व्यास, उंची, खाचांची संख्या आणि माथ्याचा घाट जुळायला हवा. उंची एकवेळ कमी केलेली असू शकते, पण खाचांची संख्या नंतर बदलता येत नाही.

तीन. दगड एकच असायला हवा. इथे माझा विषय येतो. आपल्याकडचा स्थानिक दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, गडद आणि बारीक कणांचा. मुंबईच्या इमारतींत पोरबंदरचा चुनखडक आणि मालाडचा पिवळसर दगडही भरपूर वापरलेला आहे. यांतला कुठलाही दगड इंग्लंडहून आलेल्या वाळूखडकापासून किंवा चुनखडकापासून सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा ओळखता येतो. खांबांवर रंगाचे थर असले तर नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. (आणि कृपा करून वारसा इमारतीच्या दगडावर आम्लाचा थेंब टाकून पाहू नका! कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधली ती सवय इथे गुन्हा ठरेल. नमुना घ्यायचा तर लेखी परवानगी लागते, आणि तोही आधीच सुटलेल्या कपचीचा.)

चार. कागद. जहाजातून माल आला तर बिल असतं, पत्रव्यवहार असतो, ‘खांब मोठे आले आहेत, काय करावं’ असं विचारणारं एखादं पत्र असतं. कंपनीचं सरकार कागदांच्या बाबतीत भलतंच काटेकोर होतं. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे कंपनीकाळातली दप्तरं आहेत.

यातला प्रत्येक पुरावा किती सिद्ध करतो आणि किती नाही, हेही लिहून काढलं. मापं जुळली तर खांब एका घाटाचे आहेत एवढंच कळतं, ते उरलेले म्हणून गेले हे कळत नाही. दगड जुळला तर उगम कळतो, कारण कळत नाही. कारण सांगू शकतो तो फक्त कागद.

त्यानंतर मला त्या गोष्टीतच एक खोच दिसली. ‘खांब अपेक्षेपेक्षा मोठे निघाले’ म्हणजे काय? इतक्या मोठ्या दगडाची मागणी मापाशिवाय जात नाही. समजा, खांब सरासरी एक मीटर व्यासाचा आणि नऊ मीटर उंच आहे. (हे आकडे फक्त उदाहरणादाखल.) त्याचं घनफळ साधारण सात घनमीटर. दगडाची घनता घनमीटरला २.३ टन धरली तर वजन सोळा टनांच्या आसपास. असा दगड अखंड पाठवणं त्या काळी फार अवघड. तो तुकड्यांत घडवून, एकावर एक रचून उभा करायचा. म्हणजे प्रत्येक तुकड्याचं माप आधी ठरलेलं. मग ‘अचानक मोठे निघाले’ हे कसं? एक तर चित्रातच चूक होती, किंवा चित्रात चांगलं दिसलेलं प्रत्यक्षात अंगावर आलं, किंवा खरं कारण वेगळंच होतं.

वेगळं कारण आपण वर पाहिलंच आहे : पैसा. लॉटरीची रक्कम संपली होती, रचनाकार मरण पावला होता. अशा वेळी खांब निम्मे करणं हा काटकसरीचा निर्णयही असू शकतो आणि ‘फार मोठे निघाले’ हे त्याचं सोज्वळ कारण. मी असं झालं म्हणत नाही. मी म्हणते की हे प्रतिस्पर्धी गृहीतक आहे, आणि संशोधकाने त्यालाही तेवढीच संधी दिली पाहिजे. जोडीला दुसरं गृहीतक नसेल तर आपण तपासणी करत नाही, फक्त आवडत्या गोष्टीची पाठराखण करतो.

सिनॉप्सिसमध्ये आता माझं वाक्य असं आहे : ‘दर्शनी खांब इंग्लंडहून आणले आणि त्यांतले काही भायखळ्याच्या चर्चला दिले अशी प्रचलित माहिती आहे. प्रस्तुत संशोधनात खांबांच्या दगडाचा उगम स्वतंत्रपणे तपासला जाईल.’ आधीच्या वाक्यापेक्षा कमी रंगतदार आहे. पण या वाक्यावर काम उभं करता येतं.

१८३३ की १८३५?

बहुतेक ठिकाणी इमारत १८३३ मध्ये पूर्ण झाली असं आहे. मरे यांच्या हातपुस्तिकेत मात्र १८३५ मध्ये खुली झाली असं छापलंय. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी ठरवून टाकलं की एक जण चुकला.

मॅडम म्हणाल्या, “दोघंही बरोबर असतील तर?” बांधकाम संपणं ही एक घटना, लोकांसाठी दारं उघडणं ही दुसरी, कचेऱ्या राहायला येणं ही तिसरी. ‘पूर्ण झाली’ आणि ‘खुली झाली’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. आपण ती एकाच रकान्यात भरतो आणि मग भांडत बसतो. अर्थात छपाईची चूकही असू शकते. पण ‘कोण चुकलं’ विचारण्याआधी ‘दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का’ हे विचारायचं. तुमच्या विषयातही हेच असेल. दोन शोधनिबंधांत दोन वेगळे आकडे दिसले की आधी व्याख्या पाहा, मग माणसाला दोष द्या.

टाउन हॉल : पण टाउन कोणाचं?

हा मुद्दा माझ्या पहिल्या मसुद्यात मुळीच नव्हता. ‘टाउन हॉल’ म्हणजे नगराचं सभागृह. पण जी सोसायटी या इमारतीचं कारण होती तिचं सभासदत्व सुरुवातीला फक्त युरोपियनांना. पहिले भारतीय सभासद माणेकजी करसेटजी यांना प्रवेश मिळाला तो १८४० मध्ये. सोसायटीची स्थापना १८०४ ची, म्हणजे छत्तीस वर्षं या शहरातल्या माणसांना त्यांच्याच शहराच्या, त्यांच्याच देशाच्या अभ्यासमंडळात जागा नव्हती.

त्यानंतर मात्र चित्र झपाट्याने बदललं. १८४० च्या दशकात सोसायटीच्या नियतकालिकात बाळशास्त्री जांभेकरांचं ताम्रपटांवरचं काम छापून आलं. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड इथे शिलालेखांवर निबंध वाचू लागले आणि सोसायटीचे उपाध्यक्ष झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप उकरला. तिथे सापडलेले अस्थिकरंडक याच इमारतीत आले. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं जुनं हस्तलिखित आणि सोपाऱ्याचे बौद्ध अवशेष एकाच छपराखाली आहेत ते असे.

१ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला, आधी इंग्रजीत, मग मराठीत. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती, त्याचा सुरुवातीचा कारभार इथूनच चालला. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. नंतरच्या काळात पां. वा. काणे आणि दुर्गाबाई भागवत यांनी इथल्या पुस्तकांत वर्षानुवर्षं घालवली. आत नाना शंकरशेट यांचा पुतळा आहे आणि एल्फिन्स्टन, माल्कम यांचेही.

आता पायऱ्या तशाच पाहा. तीस पायऱ्या. ज्यांनी त्या बांधल्या त्यांच्या मनात खालून वर पाहणारा माणूस लहान वाटावा हे असू शकतं. पण त्याच पायऱ्या चढून रानडे-भांडारकरांची पिढी वर गेली आणि आत जाऊन तिने स्वतःचा इतिहास स्वतः लिहायला घेतला. इमारत कोणासाठी बांधली हा एक इतिहास, आणि ती पुढे कोणी वापरली हा दुसरा. आपल्या प्रबंधात बहुतेक वेळा पहिलाच येतो.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या गावात एखादी जुनी कचेरी, शाळा, नगरवाचनालय असेलच. तिच्याबद्दल लोक सांगतात अशी पाच वाक्यं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे तीन रकाने करा : ‘हे मला कसं माहीत?’, ‘हे खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं?’ आणि ‘दुसरं कुठलं कारण शक्य आहे?’ पेट किंवा मुलाखतीच्या तयारीत दहा पुस्तकं वाचून जे येत नाही ते या एका कागदाने येतं, हे माझ्या अनुभवावरून सांगते.

मुंबईत असाल तर टाउन हॉललाच जा. द्वारमंडपात उभं राहून एका खांबाच्या खाचा मोजा, तळाशी वेगळी बैठक आहे का पाहा, आणि तो ग्रीक घाटाचा की रोमन ते स्वतः ठरवा. मग लोकलने भायखळ्याला जाऊन चर्चचे खांबही तसेच मोजा. वहीत तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका. मुंबईबाहेर असाल तर सोसायटीचा ‘ग्रंथसंजीवनी’ हा डिजिटल संग्रह आहे, त्यातली जुनी पुस्तकं घरबसल्या चाळता येतात.

माझा परिच्छेद शेवटी अकरा ओळींचा झाला. त्याला पाच आठवडे लागले. गेल्या महिन्यात मॅडमनी तो पुन्हा वाचला आणि या वेळी पेन्सिलीची खूण एकच होती, ‘आठ खांब’ या शब्दांपाशी. शेजारी लिहिलं होतं : ‘मोजलेस ना?’

मोजले होते. दोनदा.